बोलण्यात नापास

आमच्या जर्मनच्या मास्तरांना जर्मन बोलण्याच्या परीक्षेत नापास केलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. मी पास झाले. दोघांचा निकाल त्याच पंधरा मिनिटांत ठरला, आणि मास्तरांच्या नापास होण्यात माझा चांगलाच हात होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हळहळत बसायला नको. मास्तरांना हळहळणारी माणसं आवडत नसत. अशा माणसाला ते ‘ओला पापड’ म्हणत आणि उन्हात जाऊन बसायला सांगत.

मी नर्स. जर्मनीतल्या एका लहान गावच्या दवाखान्यानं मला नोकरी देऊ केली होती. तसं पत्रच आलं होतं आणि आईनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं होतं. पत्रात अट एकच: जर्मनचं प्रमाणपत्र. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे परीक्षेचे चार भाग, आणि चारही सुटायला हवेत. पहिल्या खेपेला मी तीन सोडवले आणि बोलण्यात उडाले. शिकले होते इथे हैदराबादेतच, नारायणगुड्याच्या एका एसी क्लासात. तिथल्या मॅडम इतक्या गोड होत्या की वाक्य चुकलं तरी ‘व्हेरी नाइस’ म्हणायच्या. परीक्षेत समोरच्या बाईंनी विचारलेलं मला अर्धवट कळलं, आणि अर्धवट कळल्यावर आपल्याकडे जे करतात तेच मी केलं. हसले आणि मान डोलावली. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा डोलावली. पंधरा मिनिटं मी तिथे नंदीबैलासारखी बसून होते.

दवाखान्यानं आणखी एक संधी दिली, आणि ही शेवटची असं स्पष्ट कळवलं. मला तिकडे पाठवणाऱ्या एजन्सीचा मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, “काचीगुडे में एक बडे मियाँ हैं. थोडे खिसके वे हैं, मगर उनके बच्च्याँ बोलने में फेल नै होते.”

काचीगुडा स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर तो क्लास होता. वेळ सकाळी सातची, कारण रात्रपाळी संपवून पोरी थेट तिथेच यायच्या. स्टेशनवरची घोषणा खिडकीतून आत येई. गाडी लेट असल्याचं तेलुगूत सांगून होई, हिंदीत होई, इंग्रजीत होई, आणि मग मास्तर हातातलं काम टाकून तीच घोषणा जर्मनमध्ये करत. वर रेल्वेच्या वतीनं माफी मागत नसत, उलट प्रवाशांनाच झापत.

माणूस बुटका, आडवा, मेंदीनं केशरी झालेल्या केसांचा. शर्टाच्या खिशाला दोन पेनं. डाव्या हाताचं मधलं बोट एका पेरानं कमी. त्या बोटाबद्दल विचारलं की दर वेळी नवी हकीकत मिळे. एकदा चारमिनारपाशी बकऱ्यानं खाल्लं होतं. एकदा लग्नात अंगठी बसेना म्हणून सासऱ्यानं कापलं होतं. एका मल्याळी पोरीला तर त्यांनी सांगितलं की जन्मतःच तेवढं होतं, बाकीची नऊ नंतर वाढली.

पहिल्या दिवशी माझं नाव-गाव विचारून झालं आणि ते एकदम मराठीवर आले.

“नांदेडकडची का?”

“आजोबा तिकडचे. आम्ही आता विद्यानगरला.”

“मग आपलीच की! आपली म्हणून शिव्या जास्त पडतील. चालंल?”

मी मान डोलावली. मास्तर उठले, टेबलावरचा खडूचा खोका उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. नवाकोरा, न फोडलेला खोका.

“आता बोल. चालंल का नाही चालंल?”

मान हलली की खोका पडे. खोका पडला की बाल्कनीत जायचं. बाल्कनीत जाऊन खालच्या रस्त्याला खड्या आवाजात जर्मनमध्ये आजचं हवामान सांगायचं, ही तिथली शिक्षा होती. पहिल्या आठवड्यात मी काचीगुड्याला इतक्या वेळा हवामान सांगितलं की खालचे ऑटोवाले मला ओळखायला लागले. एक तर वर बघून विचारायचा, “अम्मा, वर्षम उंदा?” म्हणजे पाऊस आहे का. मी नाही म्हणून सांगितलं की तो निश्चिंतपणे पुसलेल्या काचेवरून पुन्हा एकदा फडकं फिरवायचा.

खोक्याचं कारण मास्तर एकाच वाक्यात सांगत. “आपली मान हो म्हणते, नाही म्हणते, कळलं म्हणते, नाही कळलं म्हणते, आन् जेवलो म्हणते. तिकडं ह्यातलं काहीच चालत नाही. मान घरी ठेवून जा, फकस्त तोंड न्या.”

मास्तरांच्या क्लासात ‘तुमचा दिवस शुभ जावो’ हे वाक्य कुणी शिकलं नाही. त्यांचा अभ्यासक्रम भांडणाचा होता. सोमवारी घरमालकाशी, मंगळवारी दुकानदाराशी, बुधवारी वरिष्ठांशी, आणि शुक्रवारी सगळ्यांत कठीण म्हणजे मैत्रिणीशी. समोरची पार्टी नेहमी मास्तरच. सूप गार आहे म्हटलं की ते म्हणत गारच चांगलं असतं. शेजारचा माणूस पहाटे ढोल वाजवतो म्हटलं की ते उठून टेबलावर ढोल वाजवून दाखवत. ‘सॉरी’ म्हणणारीला बाल्कनी. त्यांचं म्हणणं असं की गोड बोलून पोट भरत नाही आणि माफी मागून सुट्टी मिळत नाही. “हसायला तर माकडालाबी येतं. भाषा आली कधी म्हणायची? भांडून परत चहाला बसता आलं की आली!”

एक बुधवार मला अजून आठवतो. मास्तर माझ्या वॉर्डाचे प्रमुख झाले होते.

“तुला ह्या रविवारी ड्यूटी आहे. सलग चौथा रविवार,” ते जर्मनमध्ये म्हणाले.

“ठीक आहे,” मी म्हणाले.

मास्तर जर्मन विसरले. “ठीक हाय? कामून ठीक हाय? तुझ्या बापाचा दवाखाना हाय का तो?”

“भांडण कशाला वाढवायचं, सर?”

“वाढवायचं नाही, बाळा. सुरू तर कर!”

पण ते मला येईना, कारण आमच्या घरात ते कुणी केलंच नव्हतं. वडील एका सरकारी ऑफिसात कारकून. दिवाणखान्यात निळ्या कोटातला फोटो, त्याखाली पुस्तकांचं कपाट, आणि वडिलांची आम्हा दोघी बहिणींना एकच शिकवण: खाली बघून चालायचं नाही, पण आवाज चढवायचा नाही, काम असं करायचं की कुणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये. मी हे मास्तरांना सांगितलं. त्यांच्या घरीही तोच फोटो आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यांनी टेबलावरचा खडूचा खोका बाजूला सरकवला. मग म्हणाले, “माझा बापबी हेच सांगायचा. पर बोट ठेवायला जागा नको, जागा नको करता करता आपल्यालाच उभं राहायला जागा उरत नाही. चल, रविवार नको म्हण.”

दीड महिन्यात माझी जीभ सुटली आणि घरच्यांचे हाल सुरू झाले. आईनं सकाळी उपमा केला तर मला तो का नको हे मी तीन मुद्द्यांत सांगायला लागले. इथल्या दवाखान्यात इन्चार्ज सिस्टरनं मला डबल शिफ्ट लावली, तेव्हा मी तेलुगूत शांतपणे ‘कुदरदु’ म्हणाले, म्हणजे जमणार नाही. अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला, सलाइन लावलेले पेशंटसुद्धा. आई वडिलांना म्हणाली, “पोरगी परदेशात जायच्या आधीच हाताबाहेर गेली.” वडील पेपर वाचत राहिले, पण त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः जाऊन मला मिर्ची भजी आणून दिली.

चहाची सुट्टीही मास्तर फुकट घालवत नसत. खालच्या हॉटेलातून इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं येत. लांब जर्मन वाक्यात क्रियापदाचा एक तुकडा पार शेवटी जाऊन बसतो, आणि आमची गाडी तिथवर पोचेपर्यंत वाक्याचा जीव जाई. मास्तरांनी त्यावर बिस्किटाचा उपाय काढला होता. बिस्किट चहात बुडवायचं आणि वाक्य सुरू करायचं. तो शेवटचा तुकडा तोंडातून निघाल्याशिवाय बिस्किट वर काढायचं नाही. वाक्य रेंगाळलं की बिस्किट तळाला. त्या वर्षी मी चहापेक्षा चमच्यानं बिस्किटाचा लगदाच जास्त खाल्ला आहे.

त्यांचं स्वतःचं जर्मन कुठून आलं, तर कारखान्यातून. हैदराबादच्या एका कारखान्यात ते फिटर होते. विशी-पंचविशीत कंपनीनं नवीन मशीन शिकायला म्हणून त्यांना आणि आणखी एकाला दीड वर्ष जर्मनीला धाडलं. त्यामुळे मास्तरांचं जर्मन तेलकट होतं. त्यात शिव्या सढळ, आणि पंतप्रधान समोर आला तरी त्याला ‘अरे-तुरे’च. आदरार्थी बोलणं त्यांना येत नव्हतं असं नाही, पण ते म्हणत की यंत्राच्या आवाजात ‘अहो-जाहो’ ऐकू जात नाही.

तिथल्या घरमालकिणीची गोष्ट ते दर गुरुवारी सांगत. पहिल्याच दिवशी त्या म्हाताऱ्या बाईनं काहीतरी विचारलं. मास्तरांना कळलं नाही, म्हणून ते हो म्हणाले. तेव्हापासून दर गुरुवारी त्यांच्या ताटात काळ्या कलेजीचा एक गोळा यायला लागला. मास्तरांना त्याचा वासही सहन होत नसे. पण हो म्हटलं होतं, शिवाय पाहुण्यानं अन्नाला नाव ठेवायचं नसतं. सात महिने त्यांनी तो गोळा डोळे मिटून गिळला. शेवटी एका गुरुवारी धीर करून ते नाही म्हणाले. बाई खुर्चीवर बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “मग सांगितलं का नाहीस? मलाही तो मुळीच आवडत नाही. तुझ्यासाठी म्हणून खाटकाच्या दुकानापर्यंत चालत जाते मी, गुडघे दुखतात माझे!”

“सात महिने,” मास्तर सांगत. “दोन मानसं एकमेकांच्या तोंडाकडं बघून नको ते खायलेत. कशापाई? तर एक नाही म्हणायला!”

क्लासातला फळा मात्र नेहमी कोरा. त्याच्या खिळ्याला मास्तरांची छत्री आणि डब्याची पिशवी टांगलेली असे. कुणी एखादा शब्द लिहून मागितला की ते म्हणत, “भाषा तोंडात असते. भिंतीवर पाल असते.” वहीत लिहून द्या म्हटलं की चष्मा घरी राहिलेला असे, आणि तो त्यांच्या नाकावर असे. आम्ही हसायचो. विक्षिप्त माणूस आहे म्हटलं की त्याची सगळी लपवाछपवी खपून जाते, हे मला नंतर कळलं.

परीक्षेला दोन महिने उरले असताना एजन्सीचा मॅनेजर क्लासात आला. आता नवा नियम आला होता: शिकवणाऱ्याकडेही तेच प्रमाणपत्र पाहिजे. मास्तरांकडे कारखान्यानं दिलेला एक पिवळा पडलेला कागद होता, ज्यावर ते मशीन चालवू शकतात एवढंच लिहिलं होतं. मॅनेजर अदबीनं म्हणाला, “उस्ताद, आपको क्या है, बैठे तो पास. बस कागज होना.” क्लासची जागा आणि पोरी एजन्सीच्याच; प्रमाणपत्र आलं नाही, तर क्लास दुसऱ्याला द्यावा लागेल, हेही त्यानं तितक्याच अदबीनं सांगितलं. मास्तरांनी त्याला हिंदीत, दखनीत आणि जर्मनमध्ये बोलून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. फॉर्म मीच भरून दिला, कारण चष्मा घरी राहिला होता.

त्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. तेही विद्यानगरलाच राहत, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. काकूंनी दार उघडलं आणि “या, आतच बसलेत, कालपासून जेवण गोड लागंना त्यांना,” म्हणून सांगून टाकलं. मास्तर पलंगावर मांडी घालून बसले होते. समोर कोरी वही.

“हे बग,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “मला लिहायला येत नाही.”

“काय लिहायला?”

“जर्मन. बोलायला येतं. वाचायला हल्लू हल्लू येतं. लिहायला बसलो की कोणता शब्द कुठून सुरू होतो तेच कळंना जातं. कानानं शिकलो मी. कुणाला सांगू नको.”

वीस वर्षं हा माणूस क्लास चालवत होता. त्या फळ्याकडे आम्ही रोज बघत होतो आणि हसत होतो. मला इतकी लाज वाटली की मी लगेच पेन काढलं. दुसऱ्या दिवशी क्लासातून खडूचा एक खोका उचलून आणला आणि तो फोडला. काकूंच्या स्वयंपाकघराच्या दाराला काळा रंग होता, त्यावर आमची शाळा सुरू झाली.

विद्यार्थी म्हणून मास्तर भयंकर होते. एकेका अक्षराशी त्यांचं भांडण. “हा एच हितं कशाला बसलाय? काम ना धंदा, फुकट्या!” प्रत्येक नामाच्या सुरुवातीला मोठं अक्षर का, ह्यावर आमचे चार दिवस गेले. मी चूक दाखवली की ते आधी अमान्य करत, मग चहा मागवत, मग दुसरीच चूक करत. काकू मधूनच दार उघडून बाहेर येत आणि अख्खा परिच्छेद त्यांच्या पदराला लागून जाई. पण माणूस दुपारी दोनला बसायचा तो पाचपर्यंत उठत नसे. पत्र लिहा, तक्रार लिहा, मत लिहा. तक्रार मात्र त्यांना पहिल्यापासूनच बरी जमली.

असंच एकदा तक्रारीचं पत्र लिहिताना मी विषय दिला: कामाच्या जागी झालेला अपघात. मास्तरांनी दोन ओळी लिहिल्या आणि पेन ठेवलं.

“माझ्यासंगं एक होता म्हणलं ना मी. परभणीचा. त्याला जर्मन अजिबात येईना, मला थोडं यायचं. नवीन मशीन आलं. फोरमननं सगळं सांगितलं आन् विचारलं, ‘फेरश्टांडन?’ म्हणजे कळलं का. मला अर्धं कळलं होतं. मी मान हलवली. दोघांच्या वतीनं.”

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. मशीन बंद आहे असं समजून परभणीच्या माणसानं हात आत घातला. मास्तरांनी तो ओढून काढला, त्यात त्यांच्या बोटाचं एक पेर गेलं. त्या माणसाची चार बोटं गेली. कंपनीनं त्याला परत पाठवलं आणि पुढे इथल्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून ठेवलं.

“बावीस वर्षं रोज त्या गेटातून आत गेलो. रोज डाव्या हातानं सलाम करायचा मला. एकदाबी म्हणला नाही की तुझ्यामुळं झालं. म्हणला असता तर भांडलो तरी असतो.”

काकू आत भांडी घासत होत्या, त्या थांबल्या. मास्तरांनी पेन उचललं आणि विचारलं, “अपघातात डबल अक्षर हाय का शिंगल?”

परीक्षेच्या दिवशी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले. बोलण्याच्या भागाला दोघा-दोघांच्या जोड्या लावतात. यादीवर माझ्या नावापुढे त्यांचं नाव होतं. मला वाटलं लॉटरी लागली. ज्यांच्याशी चार महिने रोज भांडले त्यांच्याशीच बोलायचं. आत एक तरुण जर्मन बाई आणि चष्मा लावलेले एक आपल्याकडचे गृहस्थ बसले होते. आम्हाला एकेक छापील कागद दिला. विषय असा: ऑफिसातला एक सहकारी निवृत्त होतोय, त्याच्या निरोपाचा कार्यक्रम दोघांनी मिळून ठरवा.

बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, “दोघांनाही कळलं ना?”

मी हो म्हणाले आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तर हसले. त्यांनी मान डोलावली, इकडून तिकडे, हळूच. तसं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. कागद दोन्ही हातांत घट्ट धरलेला होता आणि नजर दुसऱ्या ओळीवरच अडकली होती. त्यांना कळलेलं नव्हतं. इतकी वर्षं आमच्या डोक्यावर खोके ठेवणारा माणूस एका गोऱ्या बाईच्या गोड प्रश्नापुढे पंचविशीचा फिटर झाला होता.

मी सुरुवात केली. कार्यक्रम शुक्रवारी ठेवू या का? मास्तर म्हणाले, “हो.” गच्चीवर की हॉलमध्ये? “हो.” केक तुम्ही आणाल की मी आणू? “हो.”

चष्म्यातले गृहस्थ कागदावर काहीतरी लिहीत होते. मला एकटीला पुढे बोलत राहता आलं असतं. मी पास झाले असते. साड्यांच्या घडीतलं ते पत्र माझ्या डोळ्यांपुढे आलं, हे खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी मला त्या हसण्याचा इतका संताप आला की मी कागद टेबलावर आपटला.

“मान कशाला हलवताय?” मी जर्मनमध्ये ओरडले. “तुम्हाला काहीही कळलेलं नाही! हा माणूस रिटायर होतोय, त्याला निरोप द्यायचाय! सहा वर्षं ह्या ऑफिसात प्रत्येक केक मी आणते आणि तुम्ही नुसते बसून हो म्हणता!”

मास्तरांनी डोकं वर केलं. मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि खुर्ची पुढे ओढली.

“सहा वर्षं तू आणलेला केक खाऊन माझे दात गेले! आणि निरोप कोणाला? त्या आळशाला? तो कामावर आला होता कधी, की आता जाणार म्हणून रडायचं?”

पुढची दहा मिनिटं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मास्तरांनी त्या कागदावरच्या सहकाऱ्याला लेथ मशीनमागे झोपणारं गाढव ठरवलं. मी त्याची बाजू घेतली, त्याच्या आजारी बायकोला मध्ये आणलं. मास्तरांनी ती बायकोच मुळात आळशी असल्याचं सिद्ध केलं. फुलांऐवजी त्याला गजराचं घड्याळ द्यावं असा ठराव त्यांनी टेबलावर मूठ आपटून मांडला. जर्मन बाई तोंडावर हात धरून हसत होत्या. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, “धन्यवाद, वेळ संपली.” मास्तर त्यांच्याकडे वळून म्हणाले, “तू मध्ये बोलू नकोस, आमचं अजून संपलेलं नाही.”

निकाल तीन आठवड्यांनी आला. मी बोलण्यात उत्तम गुणांनी पास. मास्तर वाचण्यात पास, ऐकण्यात पास. लिहिण्यात काठावर पास. बोलण्यात नापास. दिलेलं काम पूर्ण केलं नाही आणि भाषा प्रसंगाला शोभणारी नव्हती, असा शेरा होता.

मास्तरांनी फक्त एकच ओळ वाचली. “लिहिण्यात पास!” ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याच्या पाच प्रती काढून आले. खालच्या ऑटोवाल्यांना उस्मानिया बिस्किटं वाटली. नापास झाल्याचं त्यांना मॅनेजरनं समजावून सांगावं लागलं. नियम तो नियम. पुढच्या सोमवारपासून क्लास एका नव्या मुलीकडे गेला. ती लॅपटॉप लावून शिकवते, आणि स्वभावानं फार चांगली आहे असं सगळे म्हणतात.

मास्तरांनी खिळ्यावरची छत्री आणि पिशवी काढून घेतली, तेव्हा मी तिथे होते. मी रडले. सॉरी म्हणाले. मी ओरडले नसते, तर ते हो-हो करत कसेबसे सुटले असते, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही अधूनमधून वाटतं.

“बाल्कनीत जा,” मास्तर म्हणाले.

मी गेले. खाली ऊन होतं, तसं सांगितलं. परत आले तेव्हा ते जिन्यात उभे होते. “तू भांडली नसतीस तर मी त्या खुर्चीत हो हो करत मेलोच असतो की. नापास झालो ते मी झालो. माझं नापास होणं माझ्याकडून नक्को हिसकून घेऊ.”

तीन महिन्यांनी बोलण्याचा भाग पुन्हा देता येणार होता. मी त्यांच्या मागे लागले, काकू लागल्या. ते म्हणाले, बघू, पण आधी तक्रार करायची आहे.

माझं विमान मंगळवारी होतं. आदल्या शनिवारी त्यांनी मला घरी बोलावलं. पलंगावर एक पाकीट होतं, परीक्षा केंद्राचा पत्ता घातलेलं. आत दोन पानी पत्र, हातानं लिहिलेलं, जर्मनमध्ये. कुणाचीही मदत न घेता. मला वाटलं गुण वाढवून मागितले असतील. त्यात लिहिलं होतं ते साधारण असं:

‘बाई आणि साहेब, मला नापास केलं ते बरोबर आहे. माझी तक्रार दुसरी आहे. तुम्ही मला विचारलं, कळलं का. मी मान हलवली. तुम्ही ते खरं मानलं. असं मानत जाऊ नका. आमच्याकडच्या पोरी तुमच्या देशात कामाला येतात. त्या मान हलवतील आणि हसतील. त्यांना दुसऱ्यांदा विचारा. काय कळलं ते सांग, असं म्हणा. तुमच्या दवाखान्यांनाही हे कळवा. मला एकदाच विचारलं होतं. माझ्या मित्राची चार बोटं गेली.’

खाली सही, त्याखाली पूर्ण पत्ता.

मी ते दोनदा वाचलं. मला मास्तरांपुढे ओला पापड व्हायचं नव्हतं. म्हणून मी नर्स जे करते ते केलं, हाताला काम लावलं. पिशवीतून लाल पेन काढलं.

“किती चुका?” मास्तरांनी विचारलं.

“अकरा,” मी म्हणाले. “काही मोठ्या नाहीत. आत्ता पाच मिनिटांत करून देते, तुम्ही नवीन कागदावर उतरून काढा.”

त्यांनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं, घडी घातली आणि पाकिटात सारलं.

“राहू दे तशाच. चुका काढल्यास तर त्यांना वाटंल, ह्या माणसाला सगळं कळत होतं.”

मग त्यांनी पाकिटाच्या कडेला जीभ लावली, ते गुडघ्यावर ठेवून तळहातानं दाबलं, आणि चपला घालून पोस्टात निघाले.